घारापुरीचा हरवलेला शिलालेख आणि नगरधनचा ताम्रपट

कळमेश्वराहून समुद्र फार लांब आहे. तरी मुंबईच्या बंदरांतील घारापुरी बेटाच्या इतिहासाचा एक धागा याच नागपूर जिल्ह्यांत येऊन पोहोंचतो, हें दाखविण्याचा येथें हेतु आहे.

शेतबंदर, राजबंदर व मोराबंदर हीं बेटावरील तीन गांवें. तेथें वीज पोहोंचली ती २०१८ सालीं. मुख्य लेणें शैव असून त्याचा काल सामान्यतः इसवी सनाचें सहावें शतक धरितात; परंतु तें कोणीं कोरविलें हें सांगणारा लेख तेथें आज नाहीं. बेट १५३४ त पोर्तुगीजांकडे गेलें. त्यांचा इतिहासकार दियोगु द कोतु लिहितो कीं, लेण्याच्या दारावरील कोरीव अक्षरांची शिळा काढून पोर्तुगालच्या राजाकडे पाठविली, पण तेथें ती कोणासच वाचतां आली नाहीं. पुढें तिचा पत्ता नाहीं.

मुख्य साक्षीदारच नाहींसा झाल्यामुळें तर्कास वाव मिळाला. म. म. वा. वि. मिराशी यांनीं लेण्याचें कर्तृत्व कलचुरि कृष्णराजाकडे दिलें. हा राजा आपल्या नाण्यांवर स्वतःस परममाहेश्वर म्हणवितो, व त्याचीं नाणीं बेटावर सांपडलीं आहेत. तशींच तीं अमरावती जिल्ह्यांत धामोरीसही मिळालीं. शिवाय रामटेकजवळील नगरधनचा, स्वामिराजाच्या काळचा ताम्रपट नंदिवर्धनाहून दिलेला असून त्यांतील ३२२ हें वर्ष कलचुरि संवताचें मानल्यास इ. स. ५७३ येतें. त्यांत अधिराजाचें नांव नाहीं. तो कृष्णराजच, असें मिराशींचें अनुमान.

हें अनुमान आम्हांस सयुक्तिक वाटतें. मात्र केवळ नाण्यांवर फार भार घालूं नये. नाशिकजवळील अंजनेरीच्या इ. स. ७१० च्या सुमाराच्या ताम्रपटांत कृष्णराजाच्या रुपकांचा उल्लेख आहे. म्हणजे राजामागें शंभरांहून अधिक वर्षें हें नाणें चालू होतें! तेव्हां नाणें सांपडल्यानें त्याचें चलन सिद्ध होतें, लेण्याचा कर्ता नव्हे. तो निर्णय त्या शिळेनेंच झाला असता.

बेटावरील दगडी हत्तीही १८६४ त हलविण्यांत येऊन मोडला. पण तो सांधून मुंबईंत उभा आहे. गेलेलीं अक्षरें मात्र सांधतां येत नाहींत. म्हणून कळमेश्वर, काटोल, सावनेर या भागांतील ज्यांच्या देवघरांत वा पेटींत जुना ताम्रपट असेल, त्यांनीं तो तांबटाच्या मुशींत जाण्यापूर्वीं त्याचा ठसा घेवून ठेवावा. वाचणारा आज नसेल, उद्यां मिळेल; परंतु वाचावयास कांहीं उरलें पाहिजे.