ओतीव धातूतील दोष व चेताजाले

ओतकामातील दोष ओतकामाइतकेच प्राचीन आहेत. सिएना येथील बिरिंगुच्चो याचा धातुविद्येवरील ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर १५४० साली प्रसिद्ध झाला. तोफा व घंटा ओतण्यापूर्वी साचा पूर्ण वाळवावा, असा त्याचा आग्रह होता. ओलाव्याची वाफ होऊन ती धातूत अडकली म्हणजे ओतीव वस्तू सच्छिद्र निघते. येथे दोषाचे कारण अनुभवाने ज्ञात झाले होते.

अनुभवाला गणिताची जोड पुढे मिळाली. घनीभवनास लागणारा काळ हा घनफळ व पृष्ठफळ यांच्या गुणोत्तराच्या वर्गाच्या प्रमाणात असतो, हा नियम ख्वोरिनोव्ह याने १९४० साली मांडला. जाड भाग शेवटी थिजतो. त्यास वितळलेल्या धातूचा पुरवठा न झाल्यास आत पोकळी राहते, हे त्यावरून स्पष्ट होते. तथापि वाळूचा ओलावा, धातूचे तापमान व त्याची घटना हे सर्व एकाच वेळी बदलत असता एका सूत्राने निर्वाह होत नाही.

ही अडचण दूर करण्यास उपयोगी पडलेले साधन निराळ्याच क्षेत्रात जन्मले. चेतापेशीची गणिती प्रतिकृती मॅक्‌कलक व पिट्स यांनी १९४३ साली मांडली. उदाहरणांवरून शिकणारे जाल रोझेनब्लॅट याने १९५८ साली वर्णिले. एकेरी थराच्या जालाच्या मर्यादा मिन्स्की व पॅपर्ट यांनी १९६९ साली दाखविल्या. रुमेलहार्ट, हिंटन व विल्यम्स यांच्या १९८६ च्या लेखानंतर अनेक थरांच्या जालांस शिकविण्याची रीत रूढ झाली. ओतशाळेतील नोंदींवरून दोषाचे भाकीत करणे व क्ष-किरणचित्रांत दोष ओळखणे, असे त्यांचे दोन उपयोग झाले. मेरी व त्याचे सहकारी यांनी चिलीतून २०१५ साली खुल्या केलेल्या संग्रहात ओतीव वस्तूंची २,७२७ क्ष-किरणचित्रे आहेत.

परंतु दोष ओळखणे व दोष समजणे यांत अंतर आहे. वायूचे छिद्र बहुधा गोल व गुळगुळीत, तर आकुंचनाची पोकळी वेडीवाकडी व खडबडीत असते. पहिल्यावर साचा वाळविणे व वायूस वाट देणे, दुसऱ्यावर धातूचा पुरवठा वाढविणे हा उपाय होय. शिकविण्यासाठी निवडलेल्या चित्रांवर चुकीचे नाव पडल्यास जाल तीच चूक शिकते. तसेच नोंदींत ओलावा व तापमान नेहमी बरोबरच वाढलेले असतील, तर दोष कोणामुळे उद्भवला हे त्यास सांगता येत नाही. त्यासाठी एक घटक स्थिर ठेवून दुसरा बदलणारा प्रयोगच करावा लागतो. जाल संशयाची जागा दाखविते; कारणाचा निर्णय अद्याप ओतकाऱ्याच्या परीक्षेवरच अवलंबून आहे.