बर्नी आर्म्स रेल्वे स्थानक

इंग्लंडच्या नॉरफॉक परगण्यातील एक छोटे, कर्मचारीविरहित रेल्वे स्थानक. नॉरिच–ग्रेट यारमथ लोहमार्गाच्या रीडममार्गे जाणाऱ्या एकेरी फाट्यावर, हॅल्व्हरगेटच्या दलदलीच्या कुरणांत ते आहे. येथे मोटाररस्ता पोहोचत नाही. रेल्वेने, पायवाटेने किंवा यार नदीतून बोटीने यावे लागते.

यारमथ अँड नॉरिच रेल्वे १८४४ मध्ये सुरू झाली. जमीनमालक टॉमस ट्रेंच बर्नी यांनी येथे स्थानक कायम राखले जाईल या अटीवर कंपनीला जमीन विकली. कंपनीने स्थानक बांधले, पण काही वर्षांतच गाड्या तेथे थांबवणे बंद केले. अटीत स्थानकाचा उल्लेख होता, थांब्याचा नव्हता. बर्नी यांनी दाद मागितली आणि तडजोडीनंतर गाड्या पुन्हा थांबू लागल्या. एवढ्या आडजागी स्थानक आजवर टिकले, याचे मूळ त्या जुन्या करारात शोधावे लागते.

फलाट एकच आणि अगदी आखूड आहे. गाडी मागणीनुसारच थांबते: उतरणाऱ्याने गार्डला आधी सांगायचे, चढणाऱ्याने चालकाला हात दाखवायचा. पक्षिनिरीक्षक, पदयात्री आणि नदीकाठची उंच जुनी पवनचक्की पाहायला येणारे लोक हेच येथले मुख्य प्रवासी. सिग्नल यंत्रणेच्या नूतनीकरणासाठी हा मार्ग ऑक्टोबर २०१८ पासून फेब्रुवारी २०२० पर्यंत बंद होता. त्यामुळे २०१९–२० मध्ये येथे अवघ्या ४२ प्रवासी ये-जांची नोंद झाली. त्या वर्षी ब्रिटनमधील सर्वांत कमी वापराचे स्थानक हेच ठरले.