जोत्याखालची पांढरी भुकटी

घडियाळी पोळ येथील जुन्या लाकडी घरांचा मोठा वैरी म्हणजे वाळवी. गुजराती शेजारी तिला उधई म्हणतात. तिच्या निवारणार्थ बी.एच.सी. नावाची उग्र वासाची भुकटी जोत्याभोवती पेरण्याचा प्रघात आमच्या पिढीने पाहिला आहे. त्या भुकटीचे पुढे काय होते, हा प्रश्न मात्र आम्हांस तेव्हा पडला नाही.

हे द्रव्य मायकेल फॅरडे यांनी १८२५ मध्ये प्रथम तयार केले. परंतु त्याचा कीटकनाशक गुण दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास उपयोगात आला. त्याच्या अनेक रूपांपैकी गॅमा हेच खरे मारक, आणि भुकटीत त्याचे प्रमाण शेकडा १० ते १५ एवढेच असे. उरलेली रूपे कामाविनाच मातीत जात. त्यांतील बीटा तर सर्वांत चिवट. ते प्राण्यांच्या चरबीतही साठून राहते. मातीतील जीवांना हे द्रव्य अपरिचित होते. मग ते पचविणार कोण?

उत्तर मातीनेच दिले. १९९० मध्ये भारतातील उसाच्या मुळांलगतच्या मातीत हे द्रव्य पचविणारा जिवाणू सापडल्याची नोंद झाली. पुढे त्यास स्फिंगोबियम इंडिकम हे नाव मिळाले. दिल्ली विद्यापीठातील प्रा. रूप लाल व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच्या जनुकांचा अभ्यास केला. हा जिवाणू रेणूवरील क्लोरिन क्रमाक्रमाने उतरवितो आणि गॅमा रूपातील कर्बावर आपली उपजीविका करतो. जपानमधील शेतातही त्याचा सगोत्र आढळला होता. ज्या मातीत भुकटी वर्षानुवर्षे पडली, तेथेच ही विद्या अवघ्या पन्नास वर्षांत सूक्ष्म जीवांनी हस्तगत केली.

तथापि या विद्येस मर्यादा आहेत. बीटा रूपाचे काम अर्धवट राहते. शिवाय जिवाणूंस ओलावा व हवा लागते. जोत्याखालच्या कोरड्या, दडपलेल्या मातीत ती कोठून मिळणार?

भारतात बी.एच.सी.वर १९९७ मध्ये बंदी आली. २००१ च्या स्टॉकहोम कराराच्या यादीत तिची रूपे २००९ मध्ये समाविष्ट झाली. कायद्याने उत्पादन थांबते. मातीत पडलेले द्रव्य मात्र कायदा उचलून नेत नाही. म्हणून जुने घर उतरविताना आपण कोरीव खांब जपतो, तशीच जोत्याच्या मातीचीही चौकशी करावी. ती परसातील भाजीच्या वाफ्यात वा तुळशीवृंदावनात घालू नये, एवढेच आमचे सांगणे.