गोव्यातील बरोक कला व संगीत

यूरोपात सु. १६०० ते १७५० या काळात बहरलेल्या आणि पोर्तुगीजांबरोबर गोव्यात आलेल्या कलाशैलीचा प्रादेशिक आविष्कार. ‘बरोक’ ही संज्ञा ओबडधोबड मोत्याच्या पोर्तुगीज नावावरून आली, असे सामान्यतः मानतात. प्रॉटेस्टंट चळवळीला तोंड देण्यासाठी ट्रेंटच्या धर्मपरिषदेने (१५४५–६३) कॅथलिक पंथाची फेरघडण केली. भाविकाच्या भावनेला थेट हात घालणारी कला त्या पंथाला हवी होती. ती रोममध्ये बेर्नीनीच्या शिल्पांत साकारली. संगीतात माँतेव्हेर्दीच्या ऑपेरांनी नवे युग सुरू केले. मात्र ही शैली एका पंथापुरती राहिली नाही : तिच्या संगीताचा कळस ठरलेला बाख (१६८५–१७५०) प्रॉटेस्टंटच होता.

जुन्या गोव्यातील बॉम जेझस चर्चचा (१५९४–१६०५) जांभ्या दगडातील दर्शनी भाग बराच संयत आहे; बरोकचा खरा थाट आत, सोनेरी मुलाम्याच्या भव्य वेदीत दिसतो. तेथील सेंट फ्रान्सिस झेव्हिअरचे संगमरवरी स्मारक फ्लॉरेन्सचा शिल्पकार फोज्जीनी याने घडविले. तस्कनीचा ग्रँड ड्यूक तिसरा कोझीमो याची ती देणगी १६९८ मध्ये येथे उभारली गेली. त्यावरील चांदीची पेटी मात्र त्याआधी, १६३७ च्या सुमारास, गोव्याच्याच कारागिरांनी घडविली होती. चर्चमधील लाकडी कोरीवकामातही स्थानिक हात ओळखू येतो.

ग्रामचर्चांना जोडलेल्या शाळांत मुलांना स्वरलेखन, गायन व व्हायोलिन शिकवीत. ही शिक्षणपरंपरा बरोक काळ सरल्यावरही टिकली. विसाव्या शतकात मुंबईच्या चित्रपटसंगीताला ॲन्थनी गोन्साल्विस (१९२७–२०१२) यांच्यासारखे वादक व वाद्यवृंद-संयोजक लाभले, ते तिच्यामुळेच. उपवासकाळात चर्चमध्ये गायिली जाणारी कोकणी ‘मोतेत’ हीदेखील याच परंपरेतील होत.

सर्वांत विलक्षण परिणाम देवालयांवर झाला. सोळाव्या शतकात तिसवाडी, बारदेश व साष्टीतील मंदिरे पोर्तुगीज सत्तेने उद्ध्वस्त केली. कुशस्थळीचा मंगेश १५६० मध्ये प्रियोळला आणि केळशीची शांतादुर्गा कवळ्याला, म्हणजे तेव्हा पोर्तुगीज अंमलाबाहेर असलेल्या फोंडा भागात, नेण्यात आली. अठराव्या शतकात मराठ्यांच्या आश्रयाने तेथे मोठी देवालये उभी राहिली. त्यांच्या गर्भगृहांवर शिखराऐवजी अष्टकोनी बैठकीवरील घुमट आला. भिंतींना भित्तिस्तंभ, कमानदार खिडक्या व कठडे आले. ज्या सत्तेने देव परागंदा केले, तिच्याच चर्चचे रूप त्यांच्या नव्या घरांनी घ्यावे, याला केवळ अनुकरण म्हणणे अपुरे होय. चर्चवर राबलेल्या गवंड्यांचे कसब नव्या कामांवर उतरणे स्वाभाविक होते. शिवाय घुमट विजापुरी व मराठी वास्तूंतही रूढ होताच. त्यामुळे प्रत्येक घुमटाचे श्रेय बरोकला देता येत नाही. कठडे व भित्तिस्तंभ यांबाबत मात्र शंका उरत नाही. १७६३ मध्ये फोंडा पोर्तुगीजांकडे गेला, तेव्हा ही देवालये पाडण्यात आली नाहीत.