सहा अक्षरांचा माग

डीएनए म्हणजे ए, टी, जी, सी या चार अक्षरांत लिहिलेला मजकूर, असे आपण वर्गात सांगतो. पण त्यातले कोणते जनुक केव्हा वाचायचे, हे पेशीला कसे कळते? जाकोब आणि मोनो यांनी १९६१ मध्ये सुचवले की जनुकाजवळच्या ठराविक जागी एक नियंत्रक रेणू येऊन बसतो आणि वाचन थांबवतो. ही जागा अक्षरशः वाचली ती गिल्बर्ट आणि मॅक्सम यांनी, १९७३ मध्ये. अक्षरे होती अवघी २४!

१९७५ मध्ये हार्वर्डच्या डेव्हिड प्रिबनाव यांनी एक साधी गोष्ट केली. जिथून आरएनए बनू लागतो, त्या जागांच्या आधीचा मजकूर त्यांनी एकाखाली एक मांडला. उदाहरणे होती बोटांवर मोजण्याइतकी. तरीही सुरुवातीच्या सुमारे दहा अक्षरे अलीकडे एक सारखेपणा दिसला. पुढे अधिक उदाहरणे मिळाल्यावर त्याचे रूप ठरले: टी-ए-टी-ए-ए-टी.

मग हा शब्द संगणकाला शोधायला सांगितला की झाले? येथे थोडे गणित करू. चार अक्षरांपासून सहा अक्षरी शब्द ४०९६ होतात. म्हणजे अक्षरे कशीही विखुरली तरी ४०९६ जागांत एकदा हा शब्द योगायोगानेच येणार. ई. कोलाय या जीवाणूचा मजकूर सुमारे ४६ लाख अक्षरांचा. त्याच्या एका धाग्यावर असे हजाराहून अधिक योगायोग भेटतील. (विद्यार्थ्यांकडून हे जरूर करून घ्यावे.) उलट, खऱ्या जागांपैकी बहुतेकींत एखाद-दुसरे अक्षर वेगळेच असते. नेमका शब्द शोधणारा दोन्हीकडून फसतो.

कोलोराडोत गॅरी स्टॉर्मो आणि सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये वेगळी वाट धरली. त्यांचा प्रश्न शेजारचा होता: आरएनएवर प्रथिनाची सुरुवात कुठे होते? त्यांनी प्रत्येक स्थानी प्रत्येक अक्षराला गुण दिले आणि बेरीज पाहिली. गुण किती द्यायचे, हे संगणक खऱ्या-खोट्या उदाहरणांवरून शिकला. एका प्रश्नात चुकलेला मुलगा नापास होत नाही, तसेच हे. आमच्या मते खरे वळण हेच.

१९९६ मध्ये यीस्टचा संपूर्ण मजकूर हाती आला. १९९९ मध्ये जॉर्ज चर्च यांच्या गटाने पेशीचक्रात एकदमच वर-खाली होणाऱ्या सुमारे ३००० जनुकांचे ३० गट पाडले आणि प्रत्येक गटातल्या जनुकांच्या आधीची ६०० अक्षरे संगणकाला चाळायला दिली. डीएनएची प्रत बनवणाऱ्या जनुकांच्या गटात ए-सी-जी-सी-जी-टी हा शब्द वर आला. प्रयोगशाळांना तो आधीच ठाऊक होता, पण संगणकाला कोणी सांगितला नव्हता! काही शब्द मात्र कोणाच्याच ओळखीचे नव्हते. अशा शब्दांसाठी पुन्हा प्रयोगशाळेतच जावे लागते: त्यातले अक्षर बदलायचे आणि जनुकाचे काम बिघडते का, ते पाहायचे.