पाव कशाला म्हणायचं? : ग्लूटेनविरहित खल्लाची गोष्ट

आज पावाबद्दल बोलणार आहे. तत्त्वज्ञानाचा मास्तर पावाकडे कसा वळला, ते आधी सांगतो. ठाण्यात माझे एक बेने इस्रायली स्नेही आहेत. चाळीस वर्षांचं आमचं जाणं-येणं. त्यांच्या नातीला सीलिअ‍ॅक रोग निघाला आणि गहू कायमचा बंद झाला. एका शुक्रवारी मी त्यांच्याकडे जेवायला होतो. पावावरचं आशीर्वचन झालं, सगळ्यांना वेणीच्या पावाचा तुकडा मिळाला, तिला तांदळाच्या पिठाचा वेगळा. ती म्हणाली, "आजोबा, आत्ता जे म्हटलंत, ते माझ्या पावाला लागतं का?" आजोबा गप्प. मीही गप्प. घरी येऊन मी पुस्तकं काढली.

त्या वेणीच्या पावाला म्हणतात खल्ला. 'हल्ला' असंही काही जण लिहितात, पण आपल्याकडे त्याचा अर्थ भलताच होतो, म्हणून मी 'ख' धरलाय. मुळात हे पावाचं नावच नव्हे. बायबलातल्या 'गणना' या ग्रंथाच्या १५व्या अध्यायात आज्ञा आहे, की कणीक मळली की तिचा एक भाग देवासाठी बाजूला काढावा. त्या भागाचं नाव खल्ला. इ.स. ७० मध्ये यरुशलेमचं मंदिर पडलं. आता घरोघरी तो गोळा काढून जाळतात. पुढे नाव भागावरून अख्ख्या पावावर सरकलं. शब्बाथच्या पावाला खल्ला म्हटल्याचा जुना दाखला १५व्या शतकातल्या ऑस्ट्रियातल्या 'लेकेत योशेर' या ग्रंथात आहे. वेणी घालणं हेही जर्मन मुलखातल्या शेजाऱ्यांकडून आलेलं. टेबलावर पाव दोन असतात, कारण वाळवंटात शुक्रवारी मान्ना दुप्पट मिळे. रोश हशानाला तोच पाव गोल करतात. म्हणजे आकार बदलू शकतो, आणि बदललाही. बदलत नाही ते धान्य.

इसवी सन २००च्या सुमारास संकलित झालेल्या मिश्नेत पाच धान्यं सांगितली आहेत : गहू, जव, आणि आणखी तीन, ज्यांना पुढे स्पेल्ट, राय आणि ओट्स असं ओळखलं गेलं. यांचाच पाव तो पाव. मग तांदूळ? योहानान बेन नूरी नावाच्या रब्बींनी तांदूळही धान्यातच धरला होता. बाकीच्यांनी मानलं नाही. तालमूदमध्ये दिलेलं कारण मला फार आवडतं : गव्हा-जवाचं पीठ भिजवून ठेवलं तर फुगतं, तांदळाचं नासतं. बघा, हे प्रयोगशाळेतलं वाक्य नाही, स्वयंपाकघरातलं आहे. पण ग्लूटेनचा गुणधर्म त्यात अचूक पकडलाय. आपल्या आयांना तो हातानं ठाऊक होता. पोळी लाटता येते. तांदळाच्या भाकरीला उकड काढावी लागते, आणि ज्वारीची थापावीच लागते. तिची वेणी कुणी घालून दाखवावी!

म्हणून तांदळाच्या पावाला पावाचं आशीर्वचन नाही, त्याला दुसरं आहे. पोरीची शंका बरोबर होती.

आता वैद्यकाचा धागा. विलेम डिके हे हॉलंडमधल्या हेग शहरातले बालरोगतज्ज्ञ. काही मुलांना गव्हानं त्रास होतो, असा त्यांना महायुद्धाआधीच संशय होता. १९४४-४५च्या हिवाळ्यात तिथे भीषण दुष्काळ पडला, पाव मिळेनासा झाला. आजूबाजूची माणसं उपाशी, आणि ही मुलं मात्र सुधारायला लागली. १९५० मध्ये उट्रेख्टला त्यांनी यावरच प्रबंध दिला. दोषी कोण? तर जो पदार्थ पिठाला फुगवतो, तोच. म्हणजे शास्त्रानं ज्या गुणामुळे धान्याला पावाचा मान दिला, त्याच गुणानं या मुलांचं आतडं बिघडतं. ही कोंडी शास्त्रकारांनी मुद्दाम केलेली नाही, हे लक्षात घ्या.

वाट एकच उरते, ओट्सची. त्यात गव्हाचं ग्लूटेन नाही. शेतात-गिरणीत गहू मिसळला नसेल तर बहुतेक रुग्णांना चालतात, काहींना तेही नाही. पण इथेही वाद आहेच. मिश्नेतल्या शब्दाचा अर्थ 'कोल्ह्याचं कणीस' असा होतो. अकराव्या शतकात फ्रान्समध्ये राशींनी ते ओट्स ठरवले. आधुनिक काळात येहुदा फेलिक्स या वनस्पतीच्या अभ्यासकानं हरकत घेतली, की ओट्सना धड कणीस नसतं, मोकळा तुरा असतो. तो जवाचा एक प्रकार असावा. युक्तिवाद मला पटतो. तरी बहुतेक रब्बींनी रूढी मोडलेली नाही, आणि माझ्या मते ते ठीकच केलं. पेसाखच्या पहिल्या रात्री मात्झा खाणं कर्तव्य असतं, तेही याच पाच धान्यांचं. ओट्स काढून घेतले तर या माणसांनी खायचं काय?

करायला मात्र हा पाव अवघड. पीठ सैल, पेड तुटतात. त्यात आपला इसबगोलाचा भुसा घालतात, तो पाणी धरून ठेवतो आणि चिकटपणा येतो. तरी वेणी नीट जमत नाहीच. मग वेणीच्या नक्षीचा साचा वापरतात, पीठ ओतायचं आणि भाजायचं.

स्नेह्यांच्या घरी गेल्या रोश हशानाला असा पाव केला, गोल. मधोमध तडकला होता, मधात बुडवला तर तुकडे पडत होते. त्या दिवशी आशीर्वचन तिनं म्हटलं. आजोबांनी आणि मी तिच्या पावातला तुकडा घेतला. मीठ जरा जास्त झालं होतं.