एका अपूर्णांकाचा इतिहास : डॉक्टर, स्त्री-पुरुष आणि आत्महत्येचे आकडे

१/९
१.४१ आणि २.२७. वैद्यकाच्या इतिहासातील, सहज चुकीचे वाचले जाणारे हे दोन आकडे. २००४ साली इव्हा शेर्नहामर आणि ग्रॅहम कोल्डिट्झ यांनी तोवरचे अभ्यास एकत्र करून ते मांडले. सर्वसाधारण पुरुषांच्या तुलनेत पुरुष डॉक्टरांमध्ये आत्महत्येचा दर १.४१ पट आढळला; सर्वसाधारण स्त्रियांच्या तुलनेत स्त्री डॉक्टरांमध्ये २.२७ पट.

२/९
घाईचा निष्कर्ष असा निघतो : स्त्रियांना हा पेशा झेपत नाही. परंतु हा अपूर्णांक आहे, म्हणून आधी छेद पाहावा. बहुतेक देशांत स्त्रियांमधील आत्महत्येचा दर पुरुषांपेक्षा बराच कमी असतो. स्त्री डॉक्टरांची तुलना त्या लहान संख्येशी होते. प्रत्यक्ष दर पाहिले, तर या जुन्या अभ्यासांत स्त्री व पुरुष डॉक्टर जवळपास एकाच पातळीवर येतात.

३/९
म्हणजे खरा प्रश्न निराळा आहे. एरवी स्त्रियांना लाभणारे संरक्षण या पेशाच्या उंबरठ्यावर का गळून पडते? त्यासाठी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जावे लागेल.

४/९
१८८६ मध्ये आनंदीबाई जोशी पदवीधर झाल्या, त्या पेनसिल्व्हेनियातील केवळ स्त्रियांसाठी असलेल्या वैद्यकीय महाविद्यालयातून. १८९३ साली बाल्टिमोरमध्ये जॉन्स हॉपकिन्सचे वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. निधी अपुरा पडत होता. मेरी गॅरेट यांनी मोठी देणगी दिली, पण अट घातली : स्त्रियांना पुरुषांच्याच अटींवर प्रवेश. दार उघडले.

५/९
आतले घर मात्र पुरुषासाठी बांधलेले होते. तेथील शल्यविशारद विल्यम हॉल्स्टेड यांच्या प्रशिक्षणपद्धतीत उमेदवाराने रुग्णालयातच राहावे, वर्षानुवर्षे अहोरात्र उपलब्ध असावे आणि शक्यतो अविवाहित असावे, अशी अपेक्षा असे. आपण आजही ज्यांना 'निवासी डॉक्टर' म्हणतो, त्यांच्या नावात त्या पद्धतीची खूण उरली आहे. स्वतः हॉल्स्टेड आधी कोकेनच्या व पुढे मॉर्फिनच्या व्यसनात अडकले होते. तेही त्यांना लपवावेच लागले.

६/९
१९७० च्या सुमारास अमेरिकेत दहा डॉक्टरांमागे एकही स्त्री नव्हती. १९६७ ते १९७२ या काळातील स्त्री डॉक्टरांच्या मृत्यूंचा अभ्यास १९७९ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा त्यांच्यातील आत्महत्येचा दर इतर स्त्रियांच्या सुमारे चौपट दिसला. संख्या लहान असल्याने तो आकडा जपूनच वाचावा. इशारा मात्र स्पष्ट होता.

७/९
प्रशिक्षणार्थींचे काय? २०१७ मध्ये अमेरिकेतील तीन हजारांहून अधिक इंटर्न डॉक्टरांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. प्रशिक्षणाच्या काळात नैराश्याची लक्षणे दोघांतही वाढली, पण स्त्रियांत अधिक. काम आणि घर यांतील ओढाताण हिशेबात घेताच हा फरक ३६ टक्क्यांनी घटला. अर्थात, त्या अंतराचा तिसरा हिस्सा स्वभावाशी नव्हे, तर दुहेरी भाराशी जोडलेला होता.

८/९
२०२४ मध्ये शेर्नहामर यांच्याच गटाने २० देशांतील ३९ अभ्यास पुन्हा तपासले. पुरुष १.०५, स्त्रिया १.७६. केवळ अलीकडचे अभ्यास घेतले, तर स्त्रियांचा आकडा १.२४ वर येतो. तो घटतो आहे. म्हणजेच ती नियती नव्हे. पण पुरुषांचे १.०५ पाहून निश्चिंत होऊ नये. तशाच आर्थिक-सामाजिक स्तरातील इतर व्यावसायिकांशी तुलना करताच तो आकडा १.८१ होतो. येथेही छेदानेच सत्य झाकले होते.

९/९
आत्महत्येमागे कधीही एकच कारण नसते, आणि कोणताही अपूर्णांक एका माणसाचे दुःख सांगू शकत नाही. तरीही इतिहास इतके सांगतो : प्रवेशाची अट १८९३ मध्ये बदलली, राबण्याची अट बदलायला शतक उलटले, आणि मदत मागणे म्हणजे दुर्बलता ही समजूत अजून पुरती गेलेली नाही. तुमच्या ओळखीत कुणी निवासी डॉक्टर असेल, तर आज त्यांची विचारपूस करा. स्वतःला गरज वाटत असेल, तर 'टेली-मानस'चा १४४१६ हा निःशुल्क क्रमांक दिवसरात्र उपलब्ध आहे.